आरिया म्हणजे खाली सोड

आमच्या घरात सगळे ओरडून बोलायचे. भांडण नसायचं, बाबांना ऐकू यायचं नाही एवढंच. आई जेवताना मीठ मागायची तेसुद्धा अशा आवाजात, की कधीकधी शेजारच्या घरातून कोणीतरी मीठ घेऊन यायचं. आमच्याकडे आज काय शिजलं आणि काय शिजलं नाही, हे सगळ्या वाडीला माहीत असायचं. गरिबी झाकायची सोय नव्हती.

बाबा बुडी मारणारे. रत्नागिरीच्या बंदरात कुणाच्या बोटीच्या पंख्यात जाळं गुरफटलं, कुणाचा नांगर दगडात अडकला, की बाबांना आणि त्यांचे जोडीदार दत्तूकाका यांना बोलावणं यायचं. एकाने खाली जायचं, दुसऱ्याने वर दोरी धरून बसायचं. खाली गेलेल्याने एक हिसका दिला तर सगळं ठीक, दोन दिले तर दोरी सैल सोड, तीन दिले तर ओढ. पाठीवर हवेची नळकांडी वगैरे काही नाही. छातीत मावेल तेवढी हवा.

मी सातवीत असताना आमच्या खाडीच्या तळातून पलीकडच्या वाडीला गोड्या पाण्याची पाइपलाइन टाकली. पाइपचे जोड तळाशी जाऊन आवळायचं काम या दोघांना मिळालं. सहा वाव पाणी, म्हणजे दोन्ही हात पसरून सहा वेळा मोजलं तर होईल तेवढं खोल. एक बुडी बाबांची, एक दत्तूकाकांची, अशी पाळी. चौथ्या जोडाच्या दिवशी दत्तूकाकांना ताप होता, म्हणून त्यांच्याही पाळ्या बाबांनी घेतल्या. संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा दोन्ही कानांतून रक्त येत होतं. त्यानंतर त्यांनी बुडी मारली नाही आणि त्यांना कोणाचं धड ऐकूही आलं नाही.

मग घर आईने चालवलं, कालवांवर. ओहोटीला खडक उघडे पडले की टोचा घेऊन जायचं, खडकाला चिकटलेली कालवं फोडायची, आतलं मांस डब्यात जमवायचं आणि बाजारात बसायचं. शाळेआधी मी तिच्याबरोबर असायचे. कालवाच्या शिंपीला ब्लेडसारखी धार असते. दहावीचा गणिताचा पेपर मी अंगठ्याला चिंधी बांधून लिहिला. दोन वेळा पेज, त्यातली एक वेळ पातळ.

हे सगळं सांगितलं ते दया यावी म्हणून नाही. पुढे जे सांगायचं आहे ते यातून सुरू होतं, म्हणून सांगितलं.

मी बी.एस्सी. झाले. फिजिक्स, सेकंड क्लास. सेकंड क्लास का, असं मला आजवर ज्यांनी विचारलं, त्यांच्यापैकी कोणी सकाळी कालवं फोडून प्रॅक्टिकलला गेलेलं नव्हतं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजच्या फाटकातून कोणी आत गेलं नव्हतं. बाबा एकदा गेले होते म्हणा, विहिरीत पडलेला पंप काढायला.

आता कामाबद्दल. मी पाण्याखाली काम करणारं यंत्र वर केबिनमध्ये बसून चालवते. कंपनीने त्याला एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा असं नाव दिलं आहे. बंदरावर ते कोणी वापरत नाही. बंदरावर ती कुर्ली, म्हणजे खेकडी.

पोहताना तिचे सहाही पाय आणि दोन्ही हात अंगाला चिकटून दुमडलेले असतात आणि ती एखाद्या लांबट माकुलासारखी, म्हणजे स्क्विडसारखी, पाण्यातून सुळकन जाते. तळाला पोचली की पोट उघडतं, पाय बाहेर येतात, हात म्हणजे डेंगे पुढे येतात, आणि माकुलाची कुर्ली होते. या बदलाला चाळीस सेकंद लागतात. त्या चाळीस सेकंदांत ती ना पोहू शकते ना उभी राहू शकते. प्रवाहाने तेवढ्यात धक्का दिला तर गडगडत जाते. माझ्या कामाचं सगळं कसब त्या चाळीस सेकंदांत आहे, बाकीचं शिकवता येतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं की आम्हाला पडद्यावर तळाचं सगळं छान दिसत असेल. टीव्हीवर दाखवतात तसं निळं पाणी, रंगीत मासे. आमच्या खाडीत कॅमेरा सोडला की पडद्यावर चहा दिसतो. दूध जास्त घातलेला. आवाजाच्या लाटांवरून एक धूसर चित्र मिळतं, पण खरी माहिती येते ती हातातल्या दांड्यांमधून. कुर्लीचा डेंगा जिथे टेकतो तिथला कडकपणा, मऊपणा माझ्या तळहाताला जाणवतो. मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी एका टबात वाळू, एकात चिखल, एकात शिंपल्यांचा चुरा ठेवला होता. डोळे बांधून दांड्यांवरून ओळखायचं. इंजिनिअर मुलं चाचपडली. मी तिन्ही ओळखले आणि वर सांगितलं, की तिसऱ्यात खाली गाळ आहे. बाबांनी लहानपणी मला भांड्यात हात घालून हेच शिकवलं होतं, खेळ म्हणून. ऐकू येत नसल्यामुळे त्यांना माझ्याशी खेळायला एवढंच येत होतं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका हॉटेलवाल्याला कुर्ली संध्याकाळी किनाऱ्यावर येऊन पाहुण्यांसमोर नाचायला हवी होती. एक बोटवाले भाऊ दरवेळी तिच्या डोक्यावर नारळ फोडायला बघायचे. तिच्या डोक्यात कॅमेरा आहे, असं मी त्यांना तीन वर्षं समजावते आहे. आणि मालगुंडचे एक निवृत्त मास्तर. फेरीबोटीच्या कठड्याला वाकून शिंकले आणि दातांची कवळी पाण्यात गेली. त्यांनी रीतसर अर्ज केला, आवक क्रमांक मागितला. कवळीसाठी कोणी यंत्र उतरवत नाही. पण महिन्याभराने जेट्टीचे खांब तपासताना ती कवळी खरंच कुर्लीच्या डेंग्यात आली. मी पाकिटात घालून पाठवली. पुढे मास्तर भेटले.

मी विचारलं, "बसली का नीट?"

"आधीपेक्षा बरी बसते. समुद्राने थोडी घासून दिली."

"उकळून घेतलीत ना?"

"उकळली. पण मासळी खाताना जरा चोरट्यासारखं वाटतं."

असे दिवस असले की काम गोड लागतं. पण जे मला लिहायचं आहे ते पाइपचं.

त्याआधी एक गोष्ट कबूल करते. कुर्ली रत्नागिरीला पहिल्यांदा आली तेव्हा जेट्टीवर ही गर्दी होती. बाबा तेव्हा नव्हते, दोन वर्षांपूर्वीच गेले होते. माझ्या हातात माइक दिला आणि मी म्हणाले, "आता आपल्या बंदरात कोणाला बुडी मारायची गरज उरली नाही." टाळ्या पडल्या. माझ्या डोळ्यांसमोर बाबांचे कान होते. पण दत्तूकाका पुढे उभे होते. ते म्हणाले, "मग आम्ही काय करायचं गो? दिवसभर पत्ते कुटू?" लोक हसले, मीही हसले. वर्षभरात त्यांना बोलावणं येणं बंद झालं. मी चांगलंच बोलले होते आणि तरी त्या माणसाच्या हातचं काम काढून घेतलं होतं. ते हसू मला अजून परत घ्यावंसं वाटतं.

तर पाइप. मे महिन्यात पलीकडच्या वाडीतल्या नळांना खारट पाणी यायला लागलं. चौथा जोड सुटला होता. पंप चालू असताना गोडं पाणी खाडीत, पंप बंद झाला की खाडीचं पाणी पाइपात. बायका होडीत कॅन घालून अलीकडे पाणी न्यायला येऊ लागल्या. जोडाभोवती बसवायची पोलादी पट्टी मागवली. दोन अर्धगोल, एका अंगाला बिजागरी, दुसऱ्या अंगाला बारा बोल्ट, आतून रबर. चार माणसांना हलणार नाही अशी. तिचा ट्रक हातखंब्याच्या वळणावर दिवसभर अडकून पडला, तो वेगळाच प्रकार.

खाडीत काम करायचं तर भांगाचे दिवस पाहावे लागतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी नुसतं धावतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी आळसावतं आणि भरती-ओहोटीच्या सांध्यावर तासभर जवळजवळ उभं राहतं. आम्हाला अष्टमी, नवमी आणि दशमी मिळाली. त्यानंतर आम्ही ज्यावरून काम करतो तो सपाट तळाचा बार्ज दुसऱ्या बंदरावर जाणार होता आणि पुढे पाऊस.

पाइपलाइनचे साहेब, सरळ माणूस, त्यांनी स्पष्ट सांगितलं. "तीन दिवस तुमचे. दशमीला झालं नाही तर मी बुडी मारणारा माणूस उतरवणार. वाडीला मी चार महिने खारं पाणी पाजू शकत नाही."

तो तळ माहीत असलेला पाणबुड्या एकच उरला होता. वय एकोणसाठ. एक कान आधीच अधू. डॉक्टरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, की आता खोल गेलात तर वर येताना शुद्धीवर असाल याची खात्री नाही. साहेबांनी विचारल्यावर दत्तूकाका लगेच हो म्हणाले.

एवढंच नाही. बार्जचा विंचवाला, म्हणजे जड सामान वर-खाली करणारा दोराचा रहाट चालवणारा, पुतणीच्या लग्नाला गावी गेला होता. दत्तूकाका तरुणपणी बोटीवर खलाशी होते, विंच चालवलेला. ते लिव्हरपाशी जाऊन बसले. "खाली जायचाच हाय तर तोवर वर बसून तुमची मजा बघतो."

पट्टी विंचने खाली सोडायची आणि कुर्लीने ती पाइपवर नेमकी बसवून बोल्ट आवळायचे, असा बेत होता. कंपनीने पुण्याहून एक इंजिनिअर मुलगी पाठवली होती. डेकवर बसून कुर्लीच्या प्रत्येक पायाची, सांध्याची तब्येत कॉम्प्युटरवर बघायची, हे तिचं काम. मी केबिनमध्ये. तिघांकडे तीन वॉकीटॉकी, चॅनेल एकच.

"तुझा नाव काय, बाय?" दत्तूकाकांनी तिला विचारलं.

"आर्या."

त्यांनी लिव्हरवरचा हात काढून घेतला. "काय?"

"आर्या."

काका माझ्याकडे वळले. "हिला सांग, बार्जवर ह्या नाव चालायचा नाय."

खलाशांची एक भाषा आहे. पोर्तुगीजांपासून आली म्हणतात. वर ओढ म्हणायचं असेल तर ‘हाबेस’. खाली सोड म्हणायचं असेल तर ‘आरिया’. क्रेन असो, विंच असो, शीड असो, आमच्या किनाऱ्यावर हे दोन शब्द ऐकले की खलाशाचा हात चालतो.

मी म्हणाले, "काका, तिचं नाव आर्या आहे. आरिया वेगळं."

"कागदावर वेगळा. कानाला?"

"वॉकीटॉकीवर स्वच्छ ऐकू येतं."

"माझ्या डोक्याला कळायच्या आधी माझा हात सोडतो गो. चाळीस वर्षांची खोड. तिला दुसरा कायतरी म्हण."

ती मुलगी हसून म्हणाली, "काहीही म्हणा. फक्त मॅडम नको."

"म्हणू काहीतरी," मी म्हणाले आणि विसरून गेले. खरं सांगायचं तर विसरले नाही, मला ते गावंढळ वाटलं. मी शिकलेली बाई, एका नावावरून यंत्र बिघडेल असं मला पटेना.

अष्टमीला कुर्लीने जोडाभोवतीची वाळू उपसली. काम छान झालं. दत्तूकाकांनी दुपारी सगळ्यांना तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, खिलवल्या.

नवमीला पट्टी खाली गेली. पाइपच्या वर वावभर अंतरावर टांगून ठेवली होती. कुर्ली पाइपला पायांत घेऊन उभी, मी डेंग्यांनी पट्टीचं तोंड वळवत होते. एवढ्यात दांडीतून पुढच्या डाव्या पायाची थरथर जाणवली. पाय गरम होतोय की वाळू सरकतेय, ते डेकवरच्या कॉम्प्युटरला कळलं असतं. मी वॉकीटॉकीचं बटण दाबलं आणि म्हणाले,

"आर्या..."

पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. विंचचा ड्रम फिरल्याचा आवाज केबिनपर्यंत आला. दत्तूकाकांनी सेकंदात ब्रेक लावला, पण तेवढं पुरेसं होतं. पडद्यावरचा चहा काळा झाला. माझ्या डाव्या तळहातातला पाय ताठ झाला आणि मग काहीच कळेना.

वॉकीटॉकीवर दत्तूकाकांचा आवाज आला. "बाय, मी सोडला."

मी म्हणाले, "नाही काका. मी सांगितलं."

गाळ बसल्यावर कळलं ते असं. पट्टी कुर्लीच्या पुढच्या डाव्या पायावर पडली होती. आदळताना तिची कडी हुकातून सुटली होती, त्यामुळे विंचने हूक ओढला तर तो रिकामा वर आला. कडी कुर्लीच्या पाठीमागच्या बाजूला, डेंगे पोचणार नाहीत अशा जागी. पाय अडकल्यामुळे कुर्लीला वळता येईना, आणि वळता येत नाही म्हणून पट्टी उचलता येईना. तोवर पाण्याने ओढ घेतली आणि दिवस संपला.

साहेब माझ्यावर ओरडले नाहीत, हे जास्त लागलं. ते दत्तूकाकांना म्हणाले, "उद्या हूक अडकवायचा. एक बुडी."

"दोन मिनिटांचा काम," काका म्हणाले.

साहेब गेल्यावर मी त्यांच्याशेजारी बसले. "काका, तुम्हाला जायचं नाही. डॉक्टर काय म्हणाले ते माहीत आहे मला."

"डॉक्टरला खाडी माहीत नाय."

"माझ्या चुकीपायी तुम्ही खाली जाणार?"

त्यांनी पलीकडच्या वाडीकडे हात केला. "तुझ्या चुकीपायी नाय. त्या चौथ्या जोडाला त्या दिवशी माझी पाळी होती. तुझ्या बापसाचे कान माझ्या पाळीवर गेले. ह्या जोड माझा हाय." मग म्हणाले, "तू दोरी धरशील ना? दुसऱ्या कोणाच्या हातात मी द्यायचो नाय."

 मी एवढंच मागितलं, की उद्या पाणी उभं राहिलं की पहिला अर्धा तास मला द्यायचा. त्यात झालं नाही तर मी यंत्र सोडून दोरीला येईन.

"दिला अर्धा तास."

त्या संध्याकाळी आम्ही दोघी बाया यंत्राचं पुस्तक घेऊन बसलो. अडकलेला पाय खुब्यापासून सोडून देण्याची सोय कुर्लीत होती. खरी कुर्लीही तेच करते, पाय देते आणि जीव वाचवते. पण पुस्तकात लिहिलं होतं, की पाय सोडल्यावर यंत्र ताबडतोब वर आणावं, पाच पायांवर काम करू नये, प्रवाहात उलटण्याचा धोका. पुण्याला फोन लावला. त्यांनीही तेच सांगितलं, जरा जास्त इंग्रजीत. ती मुलगी म्हणाली, "सर, तुमचा आवाज तुटतोय," आणि फोन ठेवला. रेंजचे सगळे दांडे भरलेले होते.

दत्तूकाका ऐकत होते. "उलटेल कशाला? मी तीन पायांची कुर्ली धावताना बघितलीय."

मी त्यांना समजावलं. यंत्र नेहमी पाण्याला तोंड करून उभं राहतं, नांगरावरच्या होडीसारखं. पुढचा पाय नसला की त्या कोपऱ्यावर कोसळणार.

"मग तोंड कशाला देतंस? कुर्ली कधी तोंड देते काय? आडवी उभी कर. तुटकी बाजू येणाऱ्या पाण्याकडे. दुसऱ्या बाजूचे तीन धड पाय मागून टेकणासारखे लागतील."

त्या मुलीने कागदावर बाण काढले, आकडे मांडले, खोडले. मग मान वर करून म्हणाली, "बरोबर आहे."

"ता मला माहीत हाय," काका म्हणाले.

तिचं वॉकीटॉकीवरचं नावही त्याच संध्याकाळी ठरलं. पुणे.

दशमीला दुपारी दीडच्या सुमाराला पाणी उभं राहिलं. दत्तूकाका लिव्हरपाशी बसले होते. अंगात शर्ट नाही, कमरेला दोरी बांधलेली, तिचं वेटोळं माझ्या केबिनच्या दाराशी ठेवलेलं. मला ते दिसत राहावं अशाच जागी ठेवलं होतं की काय, कोण जाणे.

मी पाय सोडला. दांडीत काही हिसका वगैरे आला नाही, डावा तळहात नुसता हलका झाला. कुर्लीला वळायला जागा नव्हती, म्हणून आधी दुमडून माकूल करायची, जागच्या जागी फिरवायची आणि आडवी उघडायची, असं ठरलं होतं. दुमडायला सुरुवात केली आणि निम्म्यात ती थांबली. पडद्यावर लाल अक्षरं आली, की दोन नंबरचा पाय, म्हणजे मी सोडलेलाच, उत्तर देत नाही. त्याचं उत्तर आल्याशिवाय ती ना बंद होईना ना उघडेना. अर्धवट मिटलेली, तळावर हलके हलके घरंगळायला लागली.

"पुणे."

"बघतेय."

मी डेंग्याने पाइप धरून ठेवला. ते तेवढं माझ्या हातात होतं. बाहेर साहेब घड्याळ बघत फेऱ्या मारत होते.

"पुणे, ती उत्तराची वाट बघतेय."

"तिच्या यादीतून तो पायच काढतेय. एक मिनिट. आता करा."

दांड्या जिवंत झाल्या. "काय केलंस?"

"तिला सांगितलं, की तू जन्मापासून पाच पायांचीच आहेस."

कुर्ली मिटली, फिरली. चाळीस सेकंद. मी मनात मोजत होते. तुटकी बाजू समुद्राकडे, जिकडून भरती येणार तिकडे. पाय बाहेर आले, तीन मागे टेकले, दोन पुढे. एकदा डुलली आणि उभी राहिली. आता कडी तिच्या समोर होती.

"वेळ झाली," साहेबांचा आवाज आला. दाराशी कोणीतरी दोरीच्या वेटोळ्याजवळ वाकलं. मी दांड्यांवरून हात काढले नाहीत. अर्धा तास मीच मागितला होता.

"साहेब, वेळ माझी हाय," दत्तूकाका म्हणाले. "मी तिला दिलीय. अजून देतो. कोणी दोरीला हात लावू नका."

हूक खाली आला. पहिल्यांदा कडीच्या बाजूने घसरला, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा डेंग्यात पकडला आणि अडकवला. मी बटण दाबलं.

"काका, हाबेस. हळू."

पट्टी उचलली गेली. मी ती पाइपवर आणली. आता मला जो शब्द उच्चारायचा होता तो मी आदल्या दिवसापासून तोंडातून काढला नव्हता.

"काका, आरिया. थोडं. अजून थोडं आरिया. बस."

पट्टी बसली. असा हात मी आजवर दुसऱ्या कुठल्या विंचवाल्याचा पाहिलेला नाही. बोटभर सांगितलं तर बोटभर सुटायचं.

बोल्ट आवळायला घेतले. आठवा होईपर्यंत भरतीने ओढ घेतली. पाण्याचा दाब आधी पुढच्या पायांवर, मग हळूहळू मागच्या तिघांवर गेला. नवव्याला कुर्ली एकदा थरथरली. मी थांबले, ती सावरली, मग दहावा. अकराव्याला दांड्या इतक्या जड झाल्या, की माझे खांदे भरून आले. बारावा आवळला तेव्हा ती आपल्या पायांवर जागच्या जागी सरकत होती. मग तिला मिटली आणि वर घेतली. पाच पायांची, चिखलाने माखलेली, पाणी गळत ती डेकवर आली.

पंप सुरू केला. पलीकडच्या वाडीत एक बाई नळाशी फोन घेऊन उभी होती. बराच वेळ नुसती फुसफुस ऐकू येत होती. आधी खारं आलं, मग मचूळ. मग ती म्हणाली, "गोडा हाय. जरा गंजट लागतोय, पण गोडा हाय."

दत्तूकाकांनी कमरेची गाठ सोडायला घेतली. भिजून आवळली नव्हती, कोरडीच होती, तरी त्यांना सुटेना.  मी सोडवली.

"तुझ्या बापसाला आज ओरडून सांगायला लागला असता," ते म्हणाले.

अहवालात साहेबांनी ‘संपर्कातील त्रुटी’ असं लिहायला सुचवलं होतं. मी लिहिलं, की विंचचालकाने आधी सूचना देऊनही यंत्रचालिकेने ती मानली नाही, त्यामुळे अपघात झाला. खाली माझी सही, पदवीसकट. तेव्हापासून आमच्या बार्जवर कोणीही चढलं की आधी नाव विचारतात. आर्या नावाच्या आणखी दोघी येऊन गेल्या. एकीला ‘सातारा’ म्हणायचो, एकीला ‘छोटी’.

कुर्लीला नवा पाय आला. जुना खाली पाइपशेजारी आहे. त्याच्यावर आता कालवं धरली असतील. पाण्याला आडवं उभं राहण्याची पद्धत कंपनीने नंतर सगळ्या यंत्रांत घातली. पुस्तकात तिला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे, दत्तूकाकांचं नाव कुठे नाही. मी दोनदा पत्र लिहिलं. उत्तर आलं, की आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.

काका वर्षभर आमच्या विंचवर पगारी होते, मग डोळ्यांमुळे सोडलं. अधूनमधून जेट्टीवर येतात आणि नव्या मुलांना टबातल्या चिखलात हात घालायला लावतात. मुलं हात धुवायला पळतात. तळहाताने तळ ओळखणारी माणसं आता आमच्या किनाऱ्यावर फार उरली नाहीत. त्यात माझाही हातभार आहे, आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

पण झालं ते एवढं. चौथा जोड अजून टिकून आहे, पलीकडच्या वाडीला बारा महिने गोडं पाणी येतं, आणि त्या दशमीपासून आमच्या खाडीच्या तळाला कामासाठी एकही माणूस उतरलेला नाही.